सलग

केंद्रापाड्याच्या कोर्टामागे, बकुळीखाली माझं टेबल.
टाइपरायटरची एक मात्रा अडकते,
तिला नखानं उचलावं लागतं.
घटस्फोटाच्या कागदात तरी मी चुकत नाही;
कलम तेरा बोटांना पाठ आहे.

सैरंध्री बेहेरा सकाळीच आली,
पदरात बांधलेली लग्नपत्रिका, घडीवर तेलाचा डाग.
दासवकील म्हणाले, क्रूरता सांग.
ती म्हणाली, नळ.

नवरा प्लंबर. पट्टामुंडाईकडे घरटी एक तरी प्लंबर,
कुठल्या कुठल्या शहरांची गळती ह्यांच्याच पान्यानं थांबते.
भ्रमरबरनं स्वतःच्या अंगणातल्या नळाला
पितळेची कडी बसवली, कडीला कुलूप,
किल्ली थोरल्या जावेच्या कमरेला.
दिवे लागले की हिला पाणी नाही.
तोंडानं कधी वाईट बोलला नाही, म्हणाली,
हातही उचलला नाही.
कुलूप लावताना शीळ घालत होता.

वकिलांनी चष्मा पुसला.
मारहाणीला डॉक्टरचा कागद मिळतो,
तहानेचा कोण देणार?
'मानसिक' असं लिही, ते मला म्हणाले.
मी लिहिलं. आणि खाली माझ्याच मनानं जोडलं :
पितळेची कडी.
त्यांनी खोडलं नाही.

परित्यागाला तारीख लागते.
सबळ कारणाविना, संमतीविना, सलग दोन वर्षं.
तारीख तिला ठाऊक नव्हती, वार ठाऊक होता.
मार्गशीर्षातला गुरुवार,
उंबऱ्यापासून कोठीपर्यंत तांदळाच्या पिठीनं
ती लक्ष्मीची पावलं काढत होती,
सगळी आत येणारी.
तो बॅग घेऊन त्यांच्यावरूनच गेला.
ओल्या पिठीत एक बूट उमटला, उलट्या दिशेचा.
दोहाला पोचल्याचा फोन भावाला आला.

मी जुनं पंचांग काढलं, बोट फिरवलं,
डिसेंबरच्या चौकटीत तिचा गुरुवार सापडला.
दोन वर्षं, वर चार महिने.
भरलं, वकील म्हणाले. सही कर.

तिनं पेन धरलं. मग म्हणाली,
मधे एक रात्र आला होता.

केव्हा?

गेल्या जूनमध्ये, रज सणाला.
भुई विटाळशी म्हणून नांगर, पाटा, वरवंटा
तीन दिवस निजलेले असतात, तेव्हा.
आदल्या दिवशीचा पाणभात वाढला, जेवला.
टॉर्च धरून कुलूप काढलं. नळाचं वायसर बदललं.
निजला. उजाडायच्या आत गेला.

ती रात्र वगळ, वकील हळू आवाजात म्हणाले.
तिच्यानं सलग तुटतं.
शिवाय जेवू घातलंस, अंथरूण दिलंस,
म्हणजे माफ केलंस, असं समोरचा म्हणेल.

माफ कुठं केलं? सैरंध्री म्हणाली,
पाणी भरलं.
तो घोरत होता आणि मी भरत होते.
हंडे, परात, पिंप,
लोणच्याची बरणी रिकामी करून तीसुद्धा.
नानी, तू लिही हे.
वायसर त्यानं चांगलं बदललं, तेही लिही.
अजून गळत नाही.

मग अजून चौदा महिने थांब, असं म्हणून
वकील रागानं चहाला गेले.
चौदा महिने तिनं पेरांवर मोजले,
एकदा चुकली, पुन्हा मोजले.
टाइपिंगचे किती?
म्हटलं, भरेल तेव्हा दे.
तिनं दहाची नोट पेपरवेटखाली सरकवली.

पान मी काढलं नाही अजून.
'तेव्हापासून आजतागायत' इथं ते थांबलंय,
मात्रा वर अडकलेली.

जाताना ती आवारातल्या नळाशी वाकली,
ओंजळीनं प्याली, नळ बंद केला.
तो गळतो, इथं सगळ्यांना माहीत आहे.
फाटकापर्यंत जाऊन ती परत आली,
पुन्हा पिळला,
कान लावून उभी राहिली.